विष पचविणारे जीवाणू

तेच कीटकनाशक एकाच शेतात वरचेवर वापरले की पुढे पुढे त्याचा गुण येत नाही, ही तक्रार शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू आलेली असते. दोष मग दुकानदाराच्या भेसळीला दिला जातो, किंवा कीड निर्ढावली असे म्हटले जाते. दोन्ही गोष्टी घडतात, यात शंका नाही. परंतु तिसरेही एक कारण संभवते, आणि ते शेताच्या चिखलातच असते.

१९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील ही हकिकत. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन हे भारतीय शास्त्रज्ञ काम करीत होते. ज्या खाचरांना डायझिनॉन हे औषध पूर्वी दिलेले होते, तेथील पाण्यातून ते फार लवकर नाहीसे होते, असे आढळून आले. १९७३ साली त्यांनी व त्यांचे सहकारी योशिदा यांनी अशा पाण्यातून फ्लॅव्होबॅक्टेरियम वर्गातील एक जीवाणू वेगळा काढला. किडीसाठी घातलेले विष हेच त्याचे अन्न होते!

या जातीची औषधे कीटकाच्या, आणि माणसाच्याही, मज्जासंस्थेतील एका आवश्यक एन्झाइमला जखडून टाकतात. जीवाणू आपल्या एन्झाइमने औषधाच्या रेणूतील फॉस्फरसशी असलेला एक दुवा पाण्याच्या साहाय्याने तोडतो. दुवा तुटला की विषाची नांगी मोडली. मात्र येथेच एक मेख आहे. त्याच जीवाणूला पॅराथिऑन दिले तर तो तेही तोडतो, पण पॅरा-नायट्रोफिनॉल हा तुकडा तसाच टाकून देतो. आणि तोही निरुपद्रवी नव्हे. तो खाणारे जीवाणू निराळे. पानावरचे सारे एकट्याने संपविणारा क्वचितच भेटतो. बहुधा पंगतच लागते.

बी. एच. सी.ची उग्र वासाची भुकटी जुन्या मंडळींना आठवत असेल. तीत एकाच रेणूची निरनिराळ्या घडणीची रूपे मिसळलेली असत. कीटक मारणारे रूप मुख्यतः गॅमा, आणि तेच शेकडा १० ते १५ च्या आसपास. बाकीचे विनाकारण मातीत जाई. भारतात तिच्यावर १९९७ साली बंदी आली, पण चिवट रसायन बंदीचा हुकूम वाचीत नाही. १९९० साली कटकच्या भात संशोधन संस्थेत सेतुनाथन यांच्याच गटाने उसाच्या मुळांलगतच्या मातीतून ही रूपे मोडणारा जीवाणू मिळविला. दिल्ली विद्यापीठातील रूप लाल यांनी त्याच्यावर दीर्घकाळ अभ्यास केला, आणि २००५ मध्ये त्याला स्फिंगोबियम इंडिकम हे नाव मिळाले. गॅमा रूप तो झपाट्याने मोडतो. सर्वांत टिकाऊ अशा बीटा रूपापुढे मात्र त्याची गती मंदावते, आणि ते काम पुष्कळदा अर्धवटच राहते.

म्हणून बाटलीतले जीवाणू शिंपडा आणि निर्धास्त व्हा, असे कोणी सांगितले तर जपून ऐकावे. प्रयोगशाळेत लाडाने वाढलेला जीवाणू शेतात आला की त्याला ओल, ऊब आणि हवा बेताची मिळते, आणि तेथले मूळचे रहिवासी त्याला सहसा पाय रोवू देत नाहीत. त्यापेक्षा असलेल्या जीवाणूंना सेंद्रिय खताने पोसणे पुष्कळदा अधिक फलदायी, असे मला वाटते.

या विचाराचा साधा आणि उत्तम उपयोग स्वीडनमध्ये १९९३ पासून होत आला आहे. फवारणीचा पंप भरताना सांडलेले औषध एकाच जागी साचून विहिरीपर्यंत झिरपते, हा तेथला प्रश्न. आपल्याकडेही तो अनोळखी नाही. त्यांनी सुमारे ६० सेंटीमीटर खोल खड्डा घेतला, तळाशी चिकणमाती चोपली, आणि वर दोन भाग गव्हाचे काड, एक भाग माती व एक भाग पीट, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेला पाला, असे मिश्रण भरून त्यावर गवत लावले. पंप तेथेच भरावयाचा. काड कुजविणाऱ्या बुरश्यांची एन्झाइमे निवडक नसतात; लाकडाचा कठीण भाग फोडता फोडता औषधाचे रेणूही फोडतात. काड खचत जाते, ते वरचेवर भरावे लागते. काही वर्षांनी सारे मिश्रण बदलतात. काढलेले जुने मिश्रण लगोलग शेतात पसरीत नाहीत. त्याचा ढीग करून काही महिने मुरू देतात, म्हणजे उरलेसुरले औषधही मोडून जाते.