मूत्रपिंडाचे नाक

डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतात आणि '१२०-८०' असे काहीतरी सांगतात. हे आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीचे, मिलिमीटरमधले. यंत्रे आता इलेक्ट्रॉनिक झाली, पण एकक पाऱ्याचेच राहिले. १८२८ साली पॅरिसमध्ये वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या प्वाझयने प्राण्यांच्या रोहिणीतील दाब पाऱ्याच्या वाकड्या नळीने मोजला होता. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा त्याचा नियम तुम्ही पुढे भौतिकशास्त्रात शिकाल. प्रवाह हा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या केवळ एक दशांशाने घटली तर प्रवाह ६६ टक्क्यांवर येतो आणि तो पूर्ववत करायचा तर दाब दीडपट करावा लागतो! रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि रोहिणी म्हणजे काचेची नळी नव्हे, त्यामुळे हा हिशेब शरीराला तंतोतंत लागू पडत नाही. पण रक्तवाहिनी जराशी आकसली तरी केवढा फरक पडतो, हे त्यावरून कळते.

मग रक्तवाहिन्या आकसायच्या की सैलावायच्या, हे ठरवते कोण? मज्जातंतू ठरवतात, संप्रेरके ठरवतात आणि मूत्रपिंडेही ठरवतात. मूत्रपिंडातून रेनिन नावाचे विकर रक्तात सुटते. त्यामुळे सुरू होणाऱ्या रासायनिक साखळीतून अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आकसतात, शरीरात मीठ व पाणी साठते आणि दाब चढतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या ही साखळीच अडवतात.

या व्यवहारात आतड्यातील जिवाणूंचाही हात आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आले. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील चोथा आपल्याला पचवता येत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील अब्जावधी जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपियॉनिक व ब्युटिरिक ही आम्ले निर्माण होतात. (ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले तेच.) त्यांचा काही अंश रक्तात शिरून शरीरभर फिरतो.

जेनिफर प्लुझनिक या अमेरिकन संशोधिकेला एक विचित्र गोष्ट आढळली होती. नाकात गंध ओळखणारे जे ग्राही रेणू असतात, तसलेच काही मूत्रपिंडातही होते! तेथे वास कसला घ्यायचा? २०१३ साली तिने व तिच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले. त्यांतील 'ओएलएफआर ७८' हा ग्राही ॲसिटिक आणि प्रोपियॉनिक आम्ले ओळखतो, आणि ती ओळखली की उंदराच्या मूत्रपिंडातून रेनिन सुटते. म्हणजे दाब वाढायला हवा. पण उंदरांना प्रोपियॉनिक आम्लाचा क्षार टोचला, तर दाब उतरला!

हा पेच सुटला तो दुसऱ्या ग्राहीमुळे. 'जीपीआर ४१' तीच आम्ले ओळखतो, पण दाब उतरवतो. ओएलएफआर ७८ नसलेल्या उंदरांत दाब अधिकच घसरला. जीपीआर ४१ नसलेल्यांत तो घसरलाच नाही. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर आणि दोहोंवर पाय एकाच आम्लाचा. मग ओएलएफआर ७८ नसलेल्या उंदरांना प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातील जिवाणू कमी केले, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. ब्रेकवरचा पाय जिवाणूंचा होता तर!

मिठाची गोष्टही येथे येऊन मिळते. २०१७ साली बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांना खारट आहार दिला, तेव्हा लॅक्टोबॅसिलस गटातील एक जिवाणू त्यांच्या आतड्यातून कमी झाला. तो परत दिल्यावर चढलेला दाब काहीसा उतरला. बारा निरोगी पुरुषांना १४ दिवस रोज सहा ग्रॅम जादा मीठ दिले, तर त्यांचाही दाब वाढला आणि लॅक्टोबॅसिलस घटले. दह्यात याच गटातले जिवाणू असतात, म्हणून कोणा आजोबांनी गोळ्या सोडून ताकाचा तांब्या हाती घ्यायचे ठरवले, तर त्यांना अवश्य थांबवा. गट एक असला तरी जाती वेगळ्या आहेत, आणि ताकाने माणसाचा रक्तदाब उतरल्याचे या प्रयोगात कोणी दाखवलेले नाही.

पण कशावरून जिवाणू हे कारण? रक्तदाबामुळेच ते बदलत नसतील कशावरून? त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी उच्च रक्तदाब असलेल्या माणसांच्या विष्ठेतील जिवाणू, जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. त्या उंदरांचा रक्तदाब निरोगी माणसाचे जिवाणू दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त निघाला. दाते मात्र अगदी मोजके होते.