अमेरिका गेली, ड्युरँड रेषा उरली

ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत होते, तेव्हा तिकडे काबूलमध्ये स्फोट झाले आणि दोनच दिवसांत पाक-अफगाण सीमेवर तोफा धडाडल्या. त्याच्या चार वर्षं आधी इस्लामाबादेत ही शक्यता कुणी ऐकूनही घेतली नसती. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या, असं पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान म्हणाले होते. लगोलग आयएसआयचे तेव्हाचे प्रमुख फैज हमीद काबूलच्या हॉटेलात चहाचा कप हातात धरून, काळजी करू नका, सगळं ठीक होईल, असं सांगताना दिसले. दिल्लीत मात्र धास्ती होती. 1989 मध्ये सोव्हिएत फौजा परतल्यानंतर काश्मीर पेटलं होतं आणि 1999 चं कंदाहारचं विमान अपहरण कुणी विसरलं नव्हतं.

अमेरिकेची जागा आता पाकिस्तान घेणार, हे दिल्ली आणि इस्लामाबाद दोघांनीही धरून चालणं हीच खरी चूक होती. परकी फौज काबूलमध्ये होती तोवर पाकिस्तानला मोल होतं. अमेरिकेची रसद कराचीहून तोरखम आणि चमन या सीमानाक्यांमार्गे जायची, आणि त्याच वेळी तालिबानच्या नेत्यांना क्वेट्टात आसरा लागायचा. युद्ध संपलं तशा दोन्ही गरजा संपल्या. उरली ती 1893 ची ड्युरँड रेषा. पाकिस्तानशी असलेली सीमा म्हणून ती 1947 नंतरच्या कोणत्याही अफगाण सरकारने मान्य केलेली नाही. नव्वदच्या दशकातल्या, पाकिस्तानच्याच आधारावर उभ्या राहिलेल्या तालिबान राजवटीनेही ती मान्य केली नव्हती. 1947 मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशाविरुद्ध मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता, यावरून हा वाद किती जुना आहे ते कळतं. त्यात तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान या पाकिस्तानविरोधी दहशतवादी संघटनेचे हल्ले वाढले. 2023 पासून पाकिस्तानने लाखो अफगाण निर्वासितांना परत पाठवायला सुरुवात केली आणि कटुता घराघरांत पोहोचली.

भारताने जून 2022 मध्ये काबूलला तांत्रिक पथक पाठवलं आणि मुत्ताकींच्या भेटीत त्याला दूतावासाचा दर्जा देण्याचं जाहीर केलं. काबूल दिल्लीसाठी छुपं युद्ध लढतंय, असा पाकिस्तानी मंत्र्यांचा आरोप आहे. या आरोपाने तोरखमपलीकडचं भांडणही भारत-पाक वैराच्या खात्यात टाकलं आहे. भारताच्या हाताला मर्यादाही आहेत. 2022 मध्ये अफगाणिस्तानला दिलेला गहू वाघ्यावरून न्यायला पाकिस्तानचीच परवानगी लागली होती. दुसरी वाट चाबहार बंदराची, म्हणजे इराणच्या भरवशाची.

काबूलशी बोलायलाच हवं. पण मुत्ताकींच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या, ही गोष्ट मला आजही बोचते. तालिबानने मुलींना सहावीनंतर शाळेची दारं बंद केली आहेत. शिक्षणाच्या बाबतीत भारताकडेही बोट वळतं: पुण्याच्या कॉलेजांत अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले. 2021 मध्ये भारताने अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले, तेव्हा करोनामुळे घरी गेलेले कितीतरी जण तिकडेच अडकले. काबूलच्या दूतावासाने पहिली फाईल या विद्यार्थ्यांची, त्यातही मुलींची, हातात घ्यायला हवी.