मुलाचा ताबा : वडिलांचा हक्क आणि मुलाचे हित

पती-पत्नी विभक्त झाले म्हणजे शेत, घर व गुरेढोरे यांची वाटणी करता येते. मुलाची वाटणी करता येत नाही. म्हणूनच मूल कोणाकडे राहावे हा प्रश्न न्यायालयापुढे येतो, तेव्हा न्यायालय प्रथम मुलाचे हित पाहते. आईबापांचे हक्क त्यानंतर येतात. ‘मूल बापाचेच’ आणि ‘बापाला मूल मिळतच नाही’ हे गावोगाव आढळणारे दोन्ही समज त्यामुळे चुकीचे ठरतात.

कायद्याची भूमिका

या बाबतीत पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्वधर्मीयांना लागू असलेला मूळ कायदा होय. त्याच्या कलम १७ नुसार मुलाचे वय, लिंग व धर्म, पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि नात्याची जवळीक या गोष्टी विचारात घेतल्या जातात. मूल समंजस वयाचे असल्यास त्याची इच्छाही न्यायालय लक्षात घेते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वये पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. मात्र कलम १३ मुलाच्या कल्याणास सर्वोच्च स्थान देते. वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक, या कलम ६ मधील तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात स्पष्ट केला. ‘वडिलांनंतर’ म्हणजे केवळ त्यांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर वडील मुलाची काळजी घेत नसतील तेव्हाही, असा तो अर्थ होय.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. १९५६ चा उपरोक्त अधिनियम, केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे अन्यथा निदेश दिल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. भिल्ल, पावरा, कोकणा वा मावची कुटुंबातील तंट्यात त्यामुळे १८९० चा अधिनियम व जमातीची रूढी यांचा विचार होतो. पंचांनी समेट घडवून आणला असला, तरी मुलाचे हित तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार त्यामुळे संपत नाही.

मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील जिल्हा न्यायालयात, किंवा कुटुंब न्यायालय असल्यास त्या न्यायालयात, अर्ज करावा लागतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो; कारण तात्पुरता मुक्काम म्हणजे नेहमीचे वास्तव्य नव्हे.

वडिलांनी काय सिद्ध करावे

केवळ अधिक मिळकत पुरेशी नाही. आई गरीब असल्यास तिला व मुलाला पोटगी देण्याचा मार्ग कायद्यात आहे. मुलाचे खाणेपिणे, आजारपण व शाळा कोण पाहतो, वडील कामावर असताना घरी कोण असते, व्यसन वा मारहाण आहे काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले २०१९ चे एक प्रकरण येथे उद्बोधक आहे. आईवडील दोघेही गंभीर आजारी असताना तान्ही मुलगी मातुल नातेवाईकांकडे राहिली. पुढे आईचे निधन झाले. बऱ्या झालेल्या वडिलांकडे मुलगी सोपविण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. नातेवाईकांनी काही काळ प्रेमाने सांभाळ केला म्हणून ते वडिलांना मुलापासून दूर ठेवू शकत नाहीत, असे न्यायालयाने मानले. तथापि त्यांनाही मुलीला भेटण्याची मुभा दिली.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो. ताबा न मिळालेल्या वडिलांना भेटीची वेळ ठरवून मागता येते. मूल परस्पर उचलून नेणे मात्र त्यांच्याच अर्जास बाधक ठरते.

शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्तव्य

जन्मनोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट व लसीकरणाची नोंद हे अशा प्रकरणांत उपयुक्त पुरावे होत. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी कोणाचाही पक्ष न घेता त्या बिनचूक ठेवाव्यात. आश्रमशाळेतील मूल कोणाच्या हवाली करावयाचे याबाबत न्यायालयाचा आदेश असल्यास त्याचे काटेकोर पालन व्हावे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस, तसेच स्त्रिया व बालकांस, उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अक्राणी वा अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांतील आईबापांपर्यंत ही माहिती वेळेवर पोहोचविणे, हे पंचायत सदस्यांच्या हातून सहज होण्याजोगे व मुलांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे कार्य आहे.