कर्करोग बरा झाल्यानंतरची तपासणी

कर्करोगातून बरं झालेलं मूल पाच वर्षं ठणठणीत राहिलं, की आता दवाखान्याचं काम संपलं, असं अनेक घरांत मानलं जातं. हा समज अपुरा आहे. रोग गेला, तरी औषधं आणि किरणोपचार यांचे काही परिणाम वर्षांनंतर दिसू शकतात. त्यांना विलंबित परिणाम (उपचारांमुळे उशिरा उद्भवणारे त्रास) म्हणतात. आग विझवताना मारलेलं पाणी भिंतीत मुरतं आणि ओल पुढे कधीतरी दिसते, तसंच हे आहे. आग पुन्हा लागलेली नसते. म्हणजेच हा त्रास रोग उलटल्याची खूण नव्हे.

लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाच्या पेशी मारणारं औषध) एकूण जास्त मात्रेत दिलं असेल, तर हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्याच दुसऱ्या औषधामुळे ऐकू कमी येऊ शकतं. मेंदूवरील किरणोपचारांचा परिणाम उंचीवर आणि स्मरणशक्तीवर होऊ शकतो. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. औषध, मात्रा आणि उपचारावेळचं वय यांवर धोका ठरतो.

लक्षणं जाणवण्याआधीच हृदयाची सोनोग्राफी किंवा थायरॉइडची रक्ततपासणी बिघाड दाखवू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांच्या अशा तपासणीसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक चालतं.

पालकांनी औषधांची नावं, एकूण मात्रा आणि किरणोपचारांचा भाग लिहिलेला उपचारांचा गोषवारा डॉक्टरांकडून मागून घ्यावा आणि मूल मोठं झालं की त्याच्या हाती द्यावा.