देवाच्या नावाने होणारी फसवणूक ओळखायची कशी? बायबल काय सांगतं?

18 नोव्हेंबर 1978. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जोन्सटाउन वसाहतीत पीपल्स टेंपल पंथाच्या 900हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. बहुतेकांचा जीव सायनाइडने गेला. त्यात सुमारे 300 लहान मुलं होती. पंथप्रमुख जिम जोन्स हा चर्चची रीतसर दीक्षा मिळालेला पाळक होता.

धर्माचीच भाषा बोलणारा माणूस फसवतोय, हे कसं कळणार? ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे.

फसवणूक कशी सुरू होते?

बायबलच्या 'उत्पत्ती' पुस्तकातला एदेन बागेतला साप सुरुवातीलाच खोटं बोलत नाही. देव खरंच असं म्हणाला का, अशी शंका तो आधी हव्वेच्या मनात पेरतो. मत्तयच्या शुभवर्तमानात तर सैतान येशूला मोहात पाडायला चक्क शास्त्रवचनच वापरतो. सैतान तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, असा इशारा पौलाने करिंथकरांना दिला होता.

मग कसोटी कोणती?

योहानाचं पहिलं पत्र प्रत्येक आत्म्याची पारख करायला सांगतं. येशूच्या शिकवणीत खोट्या संदेष्ट्याची ओळख त्याच्या 'फळांवरून' पटते. चमत्कार पुरेसे नाहीत.

जोन्सटाउनमध्ये ही फळं आधीच दिसत होती. अनुयायांची मालमत्ता पंथाकडे गेली होती, बाहेर पडणं अवघड झालं होतं. चौकशीला आलेले अमेरिकी खासदार लिओ रायन यांचीही त्याच दिवशी हत्या झाली.

म्हणूनच या परंपरेत गुरूला प्रश्न विचारणं हा श्रद्धेचाच भाग मानला जातो.