शिखरावरचा उंदीर

अँडीज पर्वतात अकोन्काग्वावर दर हंगामात गिर्यारोहकांची रीघ लागते. त्याच पर्वतरांगेत चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर युयायाको हा ६७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तिकडे मात्र फार थोडे जण वळतात. इथे दोरांच्या कसरती फारशा नाहीत. कस लागतो तो एकटेपणात, थंडीत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात. पायथ्याशी अटाकामाचं वाळवंट असल्यामुळे हवा इतकी कोरडी की एवढ्या उंचीवरही मोठ्या हिमनद्या नाहीत. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. हिरवं पान तर कितीतरी खालीच संपतं.

अशा डोंगरावर २०१३ मध्ये गिर्यारोहकांना साधारण ६२०० मीटरवर एक उंदीर पळताना दिसला. त्याचा माग काढत २०२० मध्ये जीवशास्त्रज्ञ जे स्टॉर्झ आणि चिलीतले गिर्यारोहक मारिओ पेरेझ ममानी वर गेले आणि थेट माथ्यावर त्यांनी पानासारख्या मोठ्या कानांचा एक उंदीर हातांनी पकडला. इतक्या उंचीवर सस्तन प्राणी राहत असल्याची नोंद त्याआधी जगात कुठेच नव्हती.

पण हा उंदीर तिथे आला कसा? माणसाकडे बोट दाखवणं सोपं होतं. इंका लोक पाचशे वर्षांपूर्वी या माथ्यावर चढत. १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कॉन्स्टान्झा सेरुती यांना इथेच तीन बालकांचे गोठून टिकलेले देह सापडले. आसपासच्या शिखरांवर पूर्वी मिळालेले मेलेले उंदीरही इंकांनीच सामानातून किंवा बळी म्हणून आणले असावेत, असं पुरातत्त्वज्ञांना वाटे.

स्टॉर्झ यांच्या चमूने सालिन, पुलार आणि कोपियापो या सहा हजार मीटरांवरच्या शिखरांवरून तेरा उंदरांचे वाळलेले देह गोळा केले. कार्बन कालमापनाने उत्तर दिलं: काही देह अवघ्या काही दशकांपूर्वीचे, सर्वांत जुना जेमतेम साडेतीनशे वर्षांचा. तोवर इंकांचं साम्राज्य लयाला गेलं होतं. नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने होते, काही तर एकमेकांचे जवळचे नातलग. म्हणजे हे वाट चुकलेले एकांडे जीव नव्हते. उंदीर आपल्या पायांनी वर आले आणि तिथे राहिले.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पहिली नजर. दमछाक झालेली असतानाही कुणीतरी खडकांमधली ती हालचाल टिपली आणि सांगितली. हिमालयात चढणाऱ्या आपल्या मंडळींना म्हणूनच एक विनंती: शिखराच्या फोटोसोबत वाटेत दिसलेल्या प्रत्येक जिवाचीही नोंद ठेवा, उंची आणि तारखेसह, आणि ती प्राणिशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवा.