ओल्या रानात पीक तहानलेले का राहते?

उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानातून फिरताना एक विसंगत दृश्य पुष्कळदा दृष्टीस पडते. सरीतून पाणी नुकतेच येऊन गेलेले असते, पायाखालची माती ओली असते. आणि तरीही उसाची पाने गुंडाळलेली व शेंडे करपलेले दिसतात. वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर आलेला असतो. शेतकरी म्हणतो, पाणी कमी पडले. शेजारी म्हणतो, खत कमी पडले. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या आरंभी अशाच एका रानात युरियाचा जादा हप्ता देण्याचा सल्ला दिला होता. आठ-दहा दिवसांत पीक अधिकच करपले. खताचा पैसा तर वाया गेलाच, शिवाय फुटवेही मेले. ही चूक पुन्हा कोणाच्या हातून होऊ नये, यासाठी द्रावणाचा एक साधा नियम प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने व शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

विरघळलेला पदार्थ पाण्याला धरून ठेवतो

गुऱ्हाळावर याचा प्रत्यय रोज येतो. साधे पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. परंतु उसाचा रस जसजसा आटतो, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वर चढत जातो. काकवी 105 ते 106 अंशांवर उतरवतात, तर गुळासाठी पाक सुमारे 118 अंशांपर्यंत न्यावा लागतो. साखरेचे प्रमाण वाढले की पाणी वाफ होऊन सहजासहजी बाहेर पडत नाही, हे त्याचे कारण होय.

मातीतील क्षारही पाण्याला असेच धरून ठेवतात. मुळाच्या पेशीभोवती असलेल्या पातळ पडद्यातून पाणी आरपार जाते, पण क्षार सहजी जात नाहीत. अशा पडद्याच्या दोन बाजूंस दोन द्रावणे असली, तर पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे वाहते. या क्रियेस परासरण म्हणतात. निरोगी जमिनीत पेशीतील रस मातीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरते. मातीतील पाणी खारट झाले की हा ओढा मंदावतो. फारच खारट झाले, तर पाणी उलट मुळातून बाहेर येते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, ते याच नियमाने.

वजन नव्हे, कणांची संख्या

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी 1877 मध्ये या ओढ्याची, म्हणजे परासरण दाबाची, मोजमापे प्रसिद्ध केली. डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी त्यांतून असा नियम काढला की, विरळ द्रावणाचा हा दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. ते कण कोणत्या पदार्थाचे आहेत यावर नव्हे. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 मध्ये त्यांना मिळाले, त्यात या कार्याचा वाटा होता.

साखर, युरिया व मीठ प्रत्येकी 20 ग्रॅम घेऊन त्यांचे एकेक लिटर द्रावण केले, असे समजू. साखरेचा रेणू जड असल्याने तिचे कण थोडे भरतात व दाब सुमारे 1.4 वातावरण इतका येतो. युरियाचा तो सुमारे 8 येतो. मिठाचे रेणुभार युरियाच्या जवळपासच आहे, पण मीठ पाण्यात विरघळताच त्याच्या प्रत्येक घटकाचे दोन कण होतात. म्हणून त्याचा दाब सुमारे 16 येतो. पिकाच्या दृष्टीने खत हेही विरघळणारे द्रव्यच आहे. खारवट रानात खताचा जादा हप्ता का बाधतो, हे यावरून ध्यानी येईल.

जमीन सुकू लागली म्हणजे

संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता 4 डेसिसायमेन प्रति मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर ती जमीन खारवट समजतात. एवढ्या क्षारांचा दाब सुमारे 1.4 वातावरण भरतो. पण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ओल निम्मी झाली की दाब सुमारे 3, आणि त्याच्याही निम्मी झाली की सुमारे 6 होतो. माती स्वतः पाणी धरून ठेवते, तो भार वेगळाच. पीक आपल्या पेशीतील रस दाट करून तग धरू पाहते. परंतु त्यात शक्ती खर्च होऊन वाढ खुंटते. घेवड्याचे उत्पन्न विद्युतवाहकता 1 च्या वर, तर उसाचे 1.7 च्या वर गेली की घटू लागते. कापूस मात्र सुमारे 7.7 पर्यंत सोसतो.

काय करावे?

1. खत वा पाणी वाढविण्यापूर्वी माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

2. प्रथम निचरा करावा. उघडे चर किंवा भूमिगत सच्छिद्र नळ्या यांची सोय झाल्यावरच गोड्या पाण्याने क्षार धुवून काढावेत. निचऱ्याविना पाणी सोडल्यास भूजल वर येते आणि क्षारही त्याबरोबर परत वर येतात.

3. पाणी थोडे पण वेळेवर द्यावे. रान कडक सुकू देऊ नये. पाचटाचे आच्छादन करावे.

4. क्षार वरंब्याच्या माथ्यावर साचतात. म्हणून रोपे माथ्यावर न लावता वरंब्याच्या बगलेत लावावीत.

5. खत लहान हप्त्यांत विभागून, बियाण्यास वा बुंध्यास न चिकटेल असे द्यावे.

6. जिप्सम हा चोपण जमिनीवरील उपाय आहे. केवळ खारवट जमिनीत तो टाकून लाभ नाही.

ग्रामसभेत हे पटवून देण्यास बटाट्याच्या दोन फोडी पुरेत. एक साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवावी. पहिली ताठ राहील, दुसरी लुळी पडेल. दोन्ही फोडी पाण्यातच बुडालेल्या होत्या, हे शेतकरी बंधूंच्या नजरेस आणून द्यावे. रानात ओल किती आहे एवढेच पाहून भागत नाही. त्या ओलीतील किती पाणी पिकाला घेता येते, हे पाहिले पाहिजे.